बारा मोजेपर्यंत

४ जून

वन्सं,

तुमचं पत्र सोमवारी आलं. नवी पोस्टवाली सायकलवरून उतरलीच नाही, फाटकावरून पाकीट भिरकावलं आणि गेली. तुमचे दादा असते तर तिला थांबवून धडा दिला असता, की बाई, फेकतात ते वर्तमानपत्र, पत्र हातात द्यायचं असतं.

उघडलं आणि मला हसूच फुटलं. तुमच्या दोन ओळी एकमेकींच्या मांडीवर बसल्यात! ‘इकडे सगळं ठीक आहे’ याच्या अंगावर ‘दिवेवाले म्हणाले’ चढलंय. चष्मा पुसून चारदा वाचलं. आता हे दिवेवाले कोण, आणि त्यांचं नाव आलं की तुमची ओळ का घसरते, ते सविस्तर कळवा. मी विधवा बाई आहे, मला दुसरी करमणूक नाही.

फोनवर विचारता आलं असतं. पण आपलं ठरलंय. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं दारोदार दुसऱ्यांची पत्रं वाटली आणि स्वतःच्या दारात विजेच्या बिलाशिवाय काही पडलं नाही. ते गेले तेव्हा तुम्हीच म्हणालात, वहिनी, आता महिन्याला एक तरी पत्र दादाच्या दारात पडलं पाहिजे. दोन वर्षं झाली. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली, ती बोटं मोडेपर्यंत लिहितेय. तुमचं काय जातं सांगायला.

तब्येत कशी? मागच्या खेपेला तुम्ही दारातून आत आलात तर मला वाटलं, कुणी मास्तरीणबाई जनगणनेला आल्या. पोटाचं ते ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली तरी माझ्या डोळ्यांना सवय होत नाही. एकशे अठरा किलोंच्या तुम्ही सत्तरवर आलात. मधले अठ्ठेचाळीस कुठे ठेवलेत ते सांगा, थोडे मला पाठवा. हल्ली खुर्चीत बसले की माझी हाडं लाकडाशी बोलतात.

आणि तुमचा खुळखुळा कसा आहे? पूर्वी तुम्ही जिना चढायला लागलात की पर्समधल्या गोळ्यांच्या डबीचा आवाज आधी वर यायचा, मागून तुम्ही. मी ओरडायचे, ‘खुळखुळा आला, दार उघडा!’ त्या खेपेला आवाजच नाही आला. नवी डबी घेतलीत वाटतं.

रागावू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या. तुमच्या वेण्या मी घालायच्या, शेंबूड मी पुसायचा, आणि वर सासूबाईंचा हुकूम, तिला वन्सं म्हण. त्याचा सूड मी अजून उगवतेय.

तुमची,
वहिनी


१६ जून

वहिनी,

ओळी चढल्या त्यात दिवेवाल्यांचा काही दोष नाही. संध्याकाळी खिडकीपाशी बसून लिहीत होते, उठून दिवा लावायचा कंटाळा केला. तुझं आपलं काहीतरीच.

दिवेवाले म्हणजे आमच्या नाटक कंपनीत रंगमंचावरचे दिवे सांभाळतात ते. एकसष्ट वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, आणि दर दोन वाक्यांनी फ्यूजवर येतात. प्रयोग संपला की बसस्टॉपपर्यंत सोडायला येतात. रस्ता खणून ठेवलाय, म्हणून हात धरतात. बस्स. झालं समाधान?

माझं काम काय असतं हे तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस, म्हणून एकदाच नीट लिहिते. नाटकात लागणाऱ्या वस्तू मी सांभाळते आणि मांडते. या नव्या नाटकात एक म्हातारा-म्हातारी आहेत, एक खोली. पहिला प्रवेश संपला की सगळे दिवे जातात. पूर्ण काळोख. मी विंगेतून आत जायचं, टेबल डावीकडे सरकवायचं, त्यावर दोन कप आणि औषधाची बाटली, आणि म्हाताऱ्याची खुर्ची फळ्यांवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीला लावायची. बारा मोजेपर्यंत. बाराला दिवे येतात. तेराला नाही. तेवीस वर्षं हेच करतेय, डोळे मिटूनसुद्धा करीन.

खुळखुळा ठीक आहे.

एक मागू का? दादाचा तो पितळी टॉर्च आहे का अजून? आठवण म्हणून हवा होता.

तुझी,
वन्सं


२३ जून

वन्सं,

रस्ता खणलाय! अहो, आमच्या वेळी कुणी असा रस्ता खणला नाही. मी मेली सपाट रस्त्यावरून एकटीच चालत राहिले.

त्या एकसष्ट वर्षांच्या माणसाला विचारा, तुमच्या गुडघ्यांना खड्डे चालतात का? दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस रोज खणलेल्या रस्त्यावरून बसस्टॉपपर्यंत येतो आणि परत जातो, ते काय फ्यूज शोधायला? मला सातवीपर्यंतच गणित आहे, पण एवढी बेरीज जमते.

टॉर्च पाठवतेय. सोबत नवे सेलही आहेत. जिन्याखालच्या अंधारात पाकिटावरची नावं वाचायला त्यांना लागायचा. मला काय करायचाय, मी दिवसभर घरातच असते.

‘आठवण म्हणून’ लिहिलंत तिथे मी थांबले. मनातलं सांगूनच टाकते, नाहीतर ते आत आंबेल. त्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तुम्ही आला होतात. अंगणात त्यांच्या सायकलीपाशी उभ्या राहिलात. मी हुंदके देऊन रडत होते आणि तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही. नुसत्या डोळे चोळत होतात, केर गेल्यासारख्या. मी मनात म्हटलं, ही बाहेरून बारीक झाली ती झाली, आतूनही सुकली. त्यांनी हिला कडेवर खेळवलं, हिच्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले, आणि हिला रडू येत नाही. वर्षभर ते माझ्या घशाशी होतं. आता तुम्ही टॉर्च मागितलात, तेव्हा गिळलं. संपलं.

बघा, मी कधी नव्हे ते गंभीर झाले. त्या दिवेवाल्यांना आवडतं काय खायला, ते कळवा.

वहिनी


२४ जुलै

वहिनी,

टॉर्च मिळाला. उत्तराला उशीर झाला. अक्षर मोठं येतंय, एका पानावर सात ओळी मावतात, म्हणून थोडक्यात लिहिते.

कामाची गडबड आहे. परवा खुर्ची वीतभर बाजूला लागली आणि आमचे मोठे नट बसायला गेले ते थेट जमिनीवर. लोक हसले, त्यांना वाटलं नाटकातच आहे. बिचारे कमरेला पट्टा बांधून काम करतायत. मॅनेजर म्हणाले, तुम्ही थकलाय, काही दिवस तिकीटखिडकीवर बसा. मी म्हटलं, एक संधी द्या.

चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. धूळ असेल, पडदे जुने आहेत.

रडण्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. मला रडू येत नाही म्हणजे दादा आठवत नाही, असं समजू नकोस, एवढंच.

बाकी छान. सगळे म्हणतात, किती छान दिसतेस.

वन्सं


२९ जुलै

वन्सं,

आज थट्टा नाही. पुढचं नीट वाचा, दिवसाउजेडी वाचा.

तुमची तीनही पत्रं मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि पाहत बसले. संध्याकाळी लिहिता तेव्हा ओळी एकमेकींवर चढतात. बसस्टॉपपर्यंत हात धरून जाता. टॉर्च मागता. तेवीस वर्षं जी खुर्ची चुकली नाही ती चुकते. डोळ्यांत वाळू. आणि मी शहाणी, बसलेय दिवेवाल्यांवरून टाळ्या पिटत.

शाळेतली एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण ती माझ्या शहाणपणाची नाही. आम्ही तिसरीत होतो. वर्गात एक मुलगी होती, हाताच्या काड्या, घरी खायची मारामार. सूर्य कलला की ती खेळ सोडून घराकडे पळायची. उशीर झालाच तर कुणाची तरी वेणी धरून चालायची. मी तिचं नाव ठेवलं ‘कोंबडी’, कारण कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात शिरतात. सगळी शाळा तिला कोंबडी म्हणायला लागली. एकदा मी मुद्दाम तिच्या हातातून वेणी सोडवून घेतली आणि पळाले. ती वाटेत मध्येच उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही हात पुढे करून नुसती उभी.

मग एक नर्सबाई शाळेत आल्या. मास्तरांनी त्या मुलीला संध्याकाळी दारात उभं केलं आणि पुढे बोटं धरली. किती? तिला सांगता येईना. नर्सबाई म्हणाल्या, हिला रातांधळेपणा आहे, अंगात अ जीवनसत्त्व नाही. चमच्यानं औषध पाजलं, परत येऊन पाजलं. काही दिवसांनी ती आमच्याबरोबर अंधार पडेपर्यंत लगोरी खेळायला लागली. मी तिची माफी कधी मागितली नाही. लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, ती उपाशी होती, मी तर नोकरी करणारी बाई. पण तुमचं जठर एवढंसं केलंय आणि आतडं वळवून लावलंय, हे मी विसरले नाही. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही म्हणूनच तर त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या ना? त्या घेताय का?

उद्या संध्याकाळी असं करा. बाहेरच्या उजेडातून खोलीत या, दार लावा, दिवा लावू नका. समोर कपाटाची कडी आहे. ती दिसायला लागेपर्यंत मोजा. आकडा मला कळवा. खरा आकडा.

वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

एकशे नव्वदपर्यंत मोजलं. मग दिवा लावला.

आता लपवून काय करू. हिवाळ्यापासून असं आहे. आधी वाटलं, जिन्यातला बल्ब बारीक झाला. मग वाटलं, रस्त्यावरचे दिवे नीट लागत नाहीत. मी नगरपालिकेत अर्जसुद्धा दिला, हसू नकोस. एक माणूस येऊन दिवे पाहून गेला, म्हणाला, बाई, सगळे लागतायत.

रस्ता खणलेला नाही. दिवेवाल्यांनी एकदा मला कठड्यावर आपटताना पाहिलं, तेव्हापासून न बोलता हात पुढे करतात. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी आत जाते तेव्हा विंगेच्या टोकाशी उभे राहून हळू आवाजात आकडे मोजतात, म्हणजे आवाजावरून मला दिशा कळते.

टॉर्चही आठवणीसाठी नव्हता. रुमालात गुंडाळून काळोखात वापरत होते. दुसऱ्याच दिवशी वरच्या सज्जातून एकानं ओरडून विचारलं, ते काजवा आहे का? मग बंद केला. त्यानंतर खुर्ची चुकली.

गोळ्या घेत नाही. दीड वर्ष झालं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला जायचं असायचं, दादा यायचा बरोबर. तारीख त्याच्या डायरीत असायची, तोच सकाळी फोन करायचा, उपाशी आहेस ना? तो गेल्यावर पहिली तारीख आली आणि कुणी विचारलं नाही, उपाशी आहेस का. मी गेले नाही. मग पुढचीही गेली. गोळ्या होत्या, पण मळमळायचं. आणि वहिनी, एकदा तालमीत सगळं शांत असताना माझी डबी वाजली आणि सगळे हसले. तुझा खुळखुळा आठवला. घरी गेल्यावर डबी कपाटात ठेवली ती ठेवलीच. तुझ्यावर ढकलत नाहीये. विचारलंस म्हणून सांगतेय.

कुणाला सांगणार होते मी? जिथे जाते तिथे लोक म्हणतात, किती सुटसुटीत झालीस, कसं केलंस, आम्हालाही सांग. त्यांना म्हणू, मला संध्याकाळनंतर दिसत नाही? चष्मेवाल्यालाही पोटाचं काही बोलले नाही. डोळ्यांचा आणि पोटाचा काय संबंध, असं वाटलं.

आणि खरं ते शेवटी लिहिते. त्या ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून दादाची सही आहे. सगळे नको म्हणत होते, तूही. तो एकटा म्हणाला, कर, मी आहे. त्या ऑपरेशननं माझे डोळे गेले असतील, तर ते त्याच्या सहीनं गेले असं होईल. मला ते नको होतं. तो नाहीये उत्तर द्यायला.

तिकीटखिडकीवर सोमवारपासून बसायचंय. काचेत छोटं भोक आहे, त्यातून लोकांचे नुसते हात दिसतात.

वन्सं


९ ऑगस्ट

वन्सं,

पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन त्यांच्या सायकलीला चांगलं सुनावून आले. बायकोला सांगून जायला काय झालं होतं की वन्संची डायरी आता तू सांभाळ? डायरी सापडली, कपाटात बिलांच्या खाली होती. तुमच्या सगळ्या तारखा आहेत, पुढच्या तीन वर्षांच्यासुद्धा. त्या माणसाला खात्रीच होती की तुम्ही जगणार. स्वतःची एक तारीख तेवढी लिहायची राहिली.

आता ऐका. सही त्यांची होती, डोळे तुमचे आहेत. त्यांची इभ्रत सांभाळायला तुम्ही आंधळ्या व्हायची काही गरज नाही. ते असते तर पहिल्या दिवशी सायकल काढून आले असते आणि वाटेत मला दहा शिव्या घातल्या असत्या.

खुळखुळ्याचं म्हणाल तर ढकला माझ्यावर, बिनधास्त ढकला, माझंच आहे ते. कोंबडीची माफी मागायची राहिली, तुमची मागते. मला नावं ठेवल्याशिवाय प्रेम करता येत नाही, ही माझी खोड. पण तुम्ही आवाज बंद केलात आणि मला वाटलं, नवी डबी घेतली. एवढी हुशार मी.

सोबत एक पिशवी आहे. सात कप्पे शिवलेत, आत कापूस भरलाय. एकेका दिवसाच्या गोळ्या एकेका कप्प्यात. जोरात हलवून बघा, आवाज आला तर शिलाई परत. कापड त्यांच्या खाकी सदऱ्याचं आहे, म्हणून वरती खिशाचं बटण तसंच ठेवलंय.

पण आधी डॉक्टर. आपल्या मनानं गोळ्यांच्या मुठी भरून गिळायच्या नाहीत. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे म्हणायचं, ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय आणि मला अंधारात दिसत नाही.’ दोन्ही एका दमात. एकटीनं जाऊ नका. ते दिवेवाले घेऊन जा. मोजायला येतं त्यांना.

जाण्याच्या दिवशी सकाळी सातला मी फोन करीन. नियम मोडून. एवढंच विचारीन, उपाशी आहात ना.

वहिनी


३० ऑगस्ट

वहिनी,

तू फोनवर ‘उपाशी आहात ना’ म्हणालीस आणि मी पटकन ठेवून दिला. राग मानू नकोस.

डॉक्टरीणबाई आहेत, वयानं माझ्याएवढ्याच. तुझं वाक्य एका दमात म्हटलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे तुम्ही स्वतः ओळखलंत? मी म्हटलं, नाही, आमच्या वहिनींनी, पत्रावरून. त्या म्हणाल्या, कुठे प्रॅक्टिस करतात?

रक्त तपासलं. अ जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय. ते चरबीबरोबर अंगात मुरतं म्हणे, आणि माझं आतडं वळवल्यामुळे चरबी फारशी मुरतच नाही. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरला, मग आटला. डोळे कोरडे पडलेत तेही त्यामुळेच. अश्रू नीट धरत नाहीत. वहिनी, सायकलीपाशी मी चोळत होते ना, ते हे होतं. आग होत होती आणि पाणी येत नव्हतं. मलाच वाटत होतं की मी दगड झाले.

आणि आता दादाचं. त्यांनी माझे जुने कागद पाहिले. ऑपरेशनच्या आधी माझी साखर एवढी होती की डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके यायला लागले होते. मला माहीतही नव्हतं, दादाला सांगितलं होतं डॉक्टरांनी. म्हणून त्यानं सही केली. ऑपरेशननंतर साखर उतरली. आत्ता त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून पडदा पाहिला. स्वच्छ आहे, म्हणाल्या. ऑपरेशननं तुमचे डोळे वाचवले, आणि तपासण्या सोडल्यात म्हणून तुम्ही ते घालवायला निघाला होतात.

मी दिवेवाल्यांना विचारलं, ऐकलंत ना? त्यांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं.

मोठ्या मात्रेचं औषध सुरू झालंय, पुन्हा रक्त तपासणी, डोळ्यांत थेंब. वेळेत आलात म्हणाल्या, उशीर झाला असता तर बुबुळावर डाग पडतात, ते जात नाहीत. स्वतःहून जास्त घ्यायचं नाही, तेही अपायाचं असतं. तू आता गाजरांचं पोतं पाठवशील, ते राहू दे. त्या म्हणाल्या, नुसत्या गाजरांनी माझ्यासारखीचं भागत नाही.

पिशवी वाजत नाही. तीनदा हलवली.

कपाटाची कडी काल पंचाहत्तरला दिसली.

वन्सं

ता. क. माझी थट्टा परत सुरू कर. गेली दोन पत्रं वाचताना कुणी परकी बाई लिहितेय असं वाटलं.


१४ सप्टेंबर

वन्सं,

हुकूम शिरसावंद्य. दिवेवाल्यांनी वाक्य लिहून घेतलं! तुमच्या दादांनी लग्नाच्या पस्तीस वर्षांत माझं एक वाक्य लिहून घेतलं नाही, उलट अर्धी ऐकलीही नाहीत. हा माणूस हातातून सोडू नका. हात तर तुम्ही आधीच धरलाय.

डॉक्टरीणबाईंना सांगा, प्रॅक्टिस घरीच असते. दारावर पाटी लावायचा विचार आहे, ‘पत्रं पाहून रोग सांगितले जातील’.

कडी आता कितीला दिसते? काचेच्या भोकामागून उठून परत काळोखात कधी जाणार? ज्या दिवशी जाल त्या दिवशी मी तिथे असेन. हो, मीच. ते गेल्यापासून हा उंबरा ओलांडून मी बाजाराच्या पलीकडे गेले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण नाटकाचं तिकीट काढून ठेवा. फुकटातलं नको, नाहीतर हसावंच लागतं.

वहिनी


१२ ऑक्टोबर

वन्सं,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईनं माझ्या खांद्यावर झोप काढली.

भेटलो तेव्हा मी मुद्दामच फार बोलले नाही. तिथेच सगळं बोलून टाकलं असतं तर पोस्टवालीनं काय आणायचं?

नाटक मला काही कळलं नाही. पहिल्या प्रवेशातच माझा डोळा लागला. म्हातारा-म्हातारी घरी काय कमी पाहिलीत? काळोख झाला तो तर मला झोपेतच बरा वाटला. जाग आली तेव्हा दिवे होते, टेबलावर दोन कप, आणि तुमचे मोठे नट खुर्चीवर मजेत बसलेले. पडले नाहीत, म्हणजे तुमचं काम झालं असावं. एवढ्या लांब येऊन झोपले म्हणून रागावू नका, वय झालं.

दिवेवाल्यांना मी एकच विचारलं, वन्संना आता दिसतं, मग तुम्ही बसस्टॉपपर्यंत कशाला येता? ते म्हणाले, फ्यूज. मला माणूस पसंत आहे.

वहिनी


१८ ऑक्टोबर

वहिनी,

टॉर्च परत पाठवतेय. तू म्हणाली होतीस, तुला काय करायचाय, पण नाट्यगृहाचा जिना तू भिंत चाचपत उतरलीस. घरच्या जिन्यातही तसंच उतरतेस ना? माझ्यासाठी चार महिने टॉर्चशिवाय? सेल नवे घातलेत. आणि तुझ्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख मी माझ्या डायरीत लिहिलीय, पुढच्या महिन्यात. सकाळी सातला फोन येईल.

आता झोपेचं.

त्या दिवशी काळोख झाला आणि दिवेवाले नेहमीच्या जागी उभे होते, पण मी त्यांना म्हटलं होतं, आज मोजू नका. मी मनात मोजलं. चारला टेबल. सहाला कप दिसले मला, वहिनी, त्यांच्या कडा दिसल्या. आठला बाटली. पांढरी पट्टी तर अशी दिसत होती की कुणी नुकतीच चिकटवलीय. खुर्ची लावली, हातानं दाबून पाहिली, आणि मी अकरावर होते.

तेवीस वर्षांत असा एक आकडा माझ्याकडे कधी उरला नव्हता. त्याचं काय करायचं सुचेना, म्हणून मान वळवून खाली पाहिलं. बाहेर जायच्या दारावर लाल दिवा असतो ना, तेवढाच उजेड. तिसऱ्या रांगेत तू टक्क जागी होतीस. मान पुढे काढून, दादाचा निळा रुमाल तोंडात दाबून, आणि तुझे ओठ हलत होते. तूही मोजत होतीस.

बाराला दिवे आले तेव्हा मी विंगेत होते. डोळ्यांत घालायचे थेंब पर्समध्येच होते. लागले नाहीत.

तुझी,
खुळखुळा